टिकाऊ डिस्कचा शोध : सॅन होजेपासून घरातल्या कपाटापर्यंत

१/
फेब्रुवारी २००७. कॅलिफोर्नियातील सॅन होजे शहरात माहितीच्या साठवणुकीवर काम करणाऱ्या अभ्यासकांची ‘फास्ट’ ही परिषद भरली होती. गूगलच्या तीन अभियंत्यांनी तेथे सादर केलेल्या निबंधात एक लाखाहून अधिक हार्ड डिस्कच्या जन्ममृत्यूचा हिशेब होता. या डिस्क खास बनावटीच्या नव्हत्या. घरगुती संगणकात बसवतात तशाच साध्या, बाजारात मिळणाऱ्या. कोणत्या कंपनीची कोणती डिस्क किती टिकते, हे त्या दिवशी आकड्यांनिशी सांगू शकणारी माणसे जगात फार थोडी होती आणि हे तिघे त्यांत होते. बिघाडाचे प्रमाण उत्पादक, मॉडेल आणि उत्पादनाचा काळ यांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असते, हे त्यांनी निबंधात मान्यही केले. मात्र ही माहिती व्यावसायिक गोपनीयतेत मोडते, असे सांगून त्यांनी एकही नाव दिले नाही.

२/
घरच्या संगणकासाठी डिस्क विकत घेणाऱ्याला नेमकी तीच नावे हवी असतात. त्याच्यापाशी लाखभर डिस्क नसतात. एक असते, फार तर दोन. तीत लग्नातले फोटो असतात, आता हयात नसलेल्या आजीचा आवाज असतो, एखाद्याने दहा वर्षे गड पालथे घालून काढलेली छायाचित्रे किंवा कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेल्या मोडी कागदांचे स्कॅन असतात. दुकानात तो विचारतो, “टिकेल ना?” या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळणे इतके अवघड का झाले, हे समजण्यासाठी त्याच सॅन होजे शहरात अर्धे शतक मागे जावे लागते.

३/
१९५६ मध्ये आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेने ‘रॅमॅक’ हे यंत्र जगापुढे आणले. रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या या यंत्रातील साठवणुकीचा भाग म्हणजे जगातील पहिली व्यावसायिक हार्ड डिस्क. दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या एकाच दांड्यावर रचलेल्या, मिनिटाला १,२०० फेरे घेणाऱ्या. वजन एक टनाहून अधिक. एवढ्या अवजड डोलाऱ्यात मावत होती फक्त पन्नास लाख अक्षरे, म्हणजे आजच्या भ्रमणध्वनीने काढलेल्या एका चांगल्या फोटोएवढी माहिती. तबकडीवर लोहाच्या संयुगाचा रंग एकसारखा बसावा म्हणून तो बायकांच्या पातळ मोज्यातून गाळून, कागदी पेल्याने फिरत्या तबकडीवर ओतला जाई. उद्योगाची सुरुवात अशी घरगुती युक्तीने झाली.

४/
रॅमॅकच्या कथेत या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट मात्र तांत्रिक नाही. ही यंत्रणा मुख्यतः भाड्याने दिली जाई. भाडे महिन्याला सुमारे ३,२०० डॉलर. यंत्र बिघडले की आयबीएमचा अभियंता येऊन दुरुस्त करी. डिस्क टिकली नाही तर तोटा भाडेकरूइतकाच, किंबहुना अधिक, मालकाचा होता. त्यामुळे ‘टिकाऊ डिस्क कशी निवडावी’ हा प्रश्न ग्राहकासमोर नव्हताच. ती काळजी बनवणाऱ्याची होती आणि बिघाडांच्या नोंदीही त्याच्याच दप्तरात होत्या.

५/
पुढली मोठी पायरी १९७३ ची. आयबीएमच्या ३३४० या डिस्कला आतल्या गोटात ‘विंचेस्टर’ हे नाव पडले होते. मूळ आराखडा तीस-तीस मेगाबाइटच्या जोडीचा, आणि ‘थर्टी-थर्टी’ म्हटले की अमेरिकन माणसाला विंचेस्टर बंदूक आठवते. एवढेच त्या नावाचे मूळ. या रचनेत तबकड्या आणि वाचन-लेखन करणारी हेड एकाच बंद पेटीत कोंडली गेली. हेड तबकडीला टेकत नाही. फिरणाऱ्या तबकडीबरोबर ओढल्या जाणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगते. ते अंतर इतके सूक्ष्म, की धुराचा कणही मधे आला तर हेड तबकडीवर आदळते आणि चुंबकीय थर खरवडून निघतो. बंद पेटीमुळे धूळ बाहेर राहिली आणि डिस्कचे आयुष्य पुष्कळ वाढले. त्याबरोबर आत काय चालले आहे हे बाहेरून दिसेनासे झाले. आजही घरातील हार्ड डिस्क तत्त्वतः हीच पेटी आहे.

६/
मग ही पेटी लहान झाली. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची एसटी-५०६ काढली. क्षमता ५ मेगाबाइट, किंमत सुमारे १,५०० डॉलर. १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटीमध्ये १० मेगाबाइटची डिस्क होती. डिस्क कचेरीतल्या टेबलावर आली, तेथून घरात आली, आणि भाडेपट्टीचा काळ संपला. आता ती विकत घेतलेली वस्तू होती. बिघडल्यास कंपनी हमीच्या मुदतीत नवी डिस्क देणार. जुन्या डिस्कमधला मजकूर परत देण्याची जबाबदारी तिच्यावर नव्हती. ती अट आजतागायत तशीच आहे, आणि हमीचा कागद म्हणजे माहितीची हमी असा समज करून घेणारेही आजतागायत भेटतात.

७/
याच स्वस्त, लहान डिस्ककडे बर्कली विद्यापीठातील तिघांचे लक्ष गेले: डेव्हिड पॅटरसन, रँडी कॅट्झ आणि त्यांचा तरुण विद्यार्थी गार्थ गिब्सन. मोठ्या संगणकाच्या एका महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकातल्या शंभर स्वस्त डिस्क जोडल्या तर? १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात एक निर्दय हिशेब आहे. एका डिस्कचे सरासरी आयुष्य ३०,००० तास धरले, तर शंभर डिस्कच्या जुडग्यात पहिला बिघाड सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आत होणार. मोठ्या आयबीएम डिस्कचे आयुष्यही तेवढेच, ३०,००० तास सांगितले जात होते. पण ती एकच होती.

८/
त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चांगल्या डिस्क शोधा असा नव्हता. डिस्क मरणारच हे गृहीत धरून माहिती अशी विखरून लिहावी, की एक गेली तरी उरलेल्यांवरून ती पुन्हा उभी करता यावी, असे त्यांनी सुचवले. या रचनेला त्यांनी ‘रेड’ म्हटले. नावातील ‘आय’ या अक्षराचा अर्थ तेव्हा ‘इनएक्स्पेन्सिव्ह’, म्हणजे स्वस्त, असा होता. पुढे या यंत्रणा महागात विकणाऱ्या कंपन्यांना तो शब्द अडचणीचा वाटू लागला आणि ‘आय’ म्हणजे ‘इंडिपेंडंट’, स्वतंत्र, असे सांगितले जाऊ लागले! या बदलातला विनोद बाजूला ठेवला तरी मूळ विचार ध्यानात ठेवण्याजोगा आहे: टिकाऊपणा हा एका वस्तूचा गुण न राहता वस्तूंच्या मांडणीचा गुण झाला.

९/
घरगुती ग्राहकापर्यंत हा विचार पोहोचला नाही. त्याच्यापर्यंत पोहोचला तो एक भलामोठा आकडा. डिस्कच्या माहितीपत्रकात ‘दोन बिघाडांमधील सरासरी काळ’ छापलेला असे, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत तो दहा लाख तासांच्या घरात गेला. दहा लाख तास म्हणजे ११४ वर्षे. इतकी वर्षे चाललेली डिस्क कुणीही पाहिलेली नाही. हा उद्योगच अजून तेवढा जुना नाही. मग आकडा खोटा होता का? तसेही नाही. विशीतल्या हजार तरुणांचे वर्षभर निरीक्षण केले आणि त्यांतला एक दगावला, तर ‘हजार मनुष्यवर्षांत एक मृत्यू’ असे म्हणता येते. त्यावरून माणूस हजार वर्षे जगतो असा अर्थ कुणी काढत नाही. डिस्कबाबत तो काढला गेला. दहा लाख तासांचा खरा अर्थ एवढाच, की नव्या हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर सुमारे नऊ बिघडतील. तोही माहितीपत्रकातला हिशेब.

१०/
प्रत्यक्षात काय घडू शकते, याचा पहिला मोठा धडा आयबीएमनेच दिला. २००० साली बाजारात आलेली ‘डेस्कस्टार ७५जीएक्सपी’ ही घरगुती डिस्क वेगवान होती, ७५ गिगाबाइटपर्यंत क्षमतेची होती, तिच्या तबकड्या काचेच्या होत्या आणि वर नाव हार्ड डिस्कच्या जन्मदात्या कंपनीचे. माहीतगारांनी ती हौसेने घेतली. वर्षभरात तक्रारींचा पूर आला: आतून खरखर, टकटक असा आवाज येतो आणि डिस्क कायमची गप्प होते. काहींनी उघडून पाहिल्या, तेव्हा तबकडीवरचा चुंबकीय थर खरवडून नितळ काच उघडी पडलेली दिसली. ‘डेस्कस्टार’चे ‘डेथस्टार’ झाले. ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातल्या संहारक ग्रहयानाचे नाव. ऑक्टोबर २००१ मध्ये ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला. २००५ मध्ये तो तडजोडीने मिटला. तोवर आयबीएमने हा सगळा व्यवसायच २.०५ अब्ज डॉलरला हिताचीला विकला होता. रॅमॅकची जन्मदात्री अर्ध्या शतकाच्या आत या धंद्यातून बाहेर पडली.

११/
आता पुन्हा २००७ चे सॅन होजे. गूगलचा निबंध वाचला गेला त्याच परिषदेत आणखी एक निबंध होता. कार्नेगी मेलन विद्यापीठातील बियांका श्रोडर यांच्याबरोबर त्यावर नाव होते गार्थ गिब्सन यांचे. वीस वर्षांपूर्वी ‘रेड’ मांडणारा तोच विद्यार्थी, आता प्राध्यापक. निबंधाचे शीर्षकच विचारत होते, की दहा लाख तास या आकड्याचा तुमच्या दृष्टीने अर्थ काय. सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी त्यांनी तपासल्या. माहितीपत्रकांनुसार वर्षाला फार तर ०.८८ टक्के डिस्क बदलाव्या लागायला हव्या होत्या. प्रत्यक्षात २ ते ४ टक्के हे नेहमीचे प्रमाण निघाले आणि एका ठिकाणी ते १३ टक्क्यांपर्यंत गेले.

१२/
त्याच निबंधाने आणखी एक समज डळमळीत केला. नवी डिस्क सुरुवातीचे काही महिने तग धरून राहिली की मग कित्येक वर्षे निर्धास्त, असे पाठ्यपुस्तके सांगत. आकड्यांत तसा निर्धास्त काळ दिसेना. वयाबरोबर बिघाड लवकरच वाढू लागतात असे आढळले. महागड्या, कंपन्यांसाठीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या डिस्क आणि स्वस्त डिस्क यांच्या बदलण्याच्या प्रमाणातही फारसा फरक सापडला नाही. चार पैसे जास्त टाकले की काळजी मिटते, या मध्यमवर्गीय श्रद्धेला हा धक्काच होता.

१३/
गूगलच्या निबंधाने दुसरी श्रद्धा मोडली. १९९० च्या दशकापासून डिस्कमध्ये ‘स्मार्ट’ नावाची स्वपरीक्षणाची सोय असते. खराब झालेले भाग, वाचताना आलेल्या चुका यांची डिस्क स्वतःच नोंद ठेवते. या नोंदींना अर्थ आहे: तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत डिस्क मरण्याची शक्यता चूक नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट आढळली. म्हणजे इशारा आला तर त्याच दिवशी मजकूर हलवावा. पण मेलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कनी या चार प्रमुख लक्षणांपैकी एकही दाखवले नव्हते. तब्येत उत्तम असल्याचा अहवाल हाती असतानाच त्या गेल्या.

१४/
नावे बाहेर यायला निमित्त झाले ते एका पुराचे. २०११ च्या पावसाळ्यात थायलंडमध्ये महापूर आला. ऑक्टोबरमध्ये अयुथया प्रांतातील वेस्टर्न डिजिटलचा कारखाना पाण्याखाली गेला. डिस्कच्या मोटारी बनवणाऱ्या निदेक कंपनीचे कारखानेही बुडाले. जगातील डिस्कचा मोठा वाटा त्या देशात तयार होत असल्याने महिन्याभरात भाव दुपटीच्या आसपास गेले. वर्ष सरता सरता दोन्ही मोठ्या कंपन्यांनी काही घरगुती डिस्कची हमीही घटवली. वेस्टर्न डिजिटलने ३ वर्षांवरून २, तर सीगेटने काही मॉडेलांची थेट १ वर्षावर आणली. त्याच सुमारास सीगेटने सॅमसंगचा आणि वेस्टर्न डिजिटलने हिताचीचा डिस्क-व्यवसाय घेतला. एकेकाळी दोनशेहून अधिक कंपन्या हार्ड डिस्क बनवत. आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा.

१५/
कॅलिफोर्नियातील बॅकब्लेझ ही छोटी कंपनी लोकांच्या संगणकांच्या प्रती आपल्याकडे सांभाळण्याचा व्यवसाय करीत होती. पुरानंतर तिला परवडणाऱ्या भावात डिस्क मिळेनात. मग तिचे कर्मचारी आणि त्यांचे मित्र-नातेवाईक दुकानोदुकानी हिंडून, माणशी ठरावीक मर्यादेत मिळणाऱ्या बाहेरून जोडायच्या डिस्क विकत घेऊ लागले आणि त्यांची प्लास्टिकची कवचे फोडून आतल्या डिस्क आपल्या यंत्रांत बसवू लागले. अर्थात घरगुती ग्राहक घेतो त्याच डिस्क, फक्त हजारोंच्या संख्येने. २०१३ च्या अखेरीस अशा २७,१३४ डिस्क तेथे फिरत होत्या. आणि जानेवारी २०१४ मध्ये या कंपनीने जे गूगलने केले नव्हते ते केले: नावे आणि मॉडेलनिहाय बिघाडाचे आकडे जाहीर केले. वर्षभराने तर रोजच्या नोंदींचा कच्चा मजकूरच खुला केला.

१६/
त्या यादीतील सर्वांत गाजलेले प्रकरण सीगेटच्या ३ टेराबाइट डिस्कचे, मॉडेल एसटी३०००डीएम००१. बॅकब्लेझने २०१२ मध्ये बसवलेल्या या मॉडेलच्या डिस्कपैकी ३१ मार्च २०१५ रोजी जेमतेम १० टक्के सेवेत उरल्या होत्या. काही मेल्या, काही मरतील या भीतीने आधीच काढल्या. २०१६ मध्ये अमेरिकेत या मॉडेलवरून ग्राहकांनी दावाही लावला. न्यायाने दुसरी बाजूही सांगायला हवी. एका पेटीत दाटीने बसवलेल्या, एकमेकींच्या कंपनांनी हादरणाऱ्या, अहोरात्र चालणाऱ्या डिस्कचा अनुभव घरातल्या एकट्या डिस्कला जसाच्या तसा लागू होत नाही, हा आक्षेप तेव्हाच घेतला गेला आणि तो रास्त होता. तरीही त्याच पेट्यांत, त्याच हवेत दुसऱ्या काही डिस्क टिकल्या, एवढे उरतेच.

१७/
टिकलेल्या कोणत्या? २०१४ च्या पहिल्या यादीत ठळकपणे वर होत्या हिताचीच्या. वार्षिक बिघाड बहुतेकींचा एका टक्क्याच्या आसपास. त्या मालिकेचे नाव होते डेस्कस्टार. तीच, जिला तेरा वर्षांपूर्वी लोकांनी ‘डेथस्टार’ म्हणून फेकले होते! आणि एसटी३०००डीएम००१ मुळे बदनाम झालेल्या सीगेटच्याच ४ टेराबाइटच्या डिस्क त्याच यादीत कितीतरी बऱ्या होत्या. बॅकब्लेझ त्या घेतही राहिली. ‘अमुक कंपनीची डोळे झाकून घ्यावी’ हा दुकानातला सल्ला या इतिहासापुढे टिकत नाही. कंपनीचे नाव तेच राहते, कारखाना, मालक आणि मॉडेल बदलत जातात. शिवाय एखादे मॉडेल चार वर्षे टिकते हे सिद्ध व्हायला चार वर्षे लागतात, आणि तोवर ते बहुधा बाजारातून गेलेले असते.

१८/
नाव तेच ठेवून आतला माल बदलण्याचा उघड प्रसंग २०२० च्या एप्रिलमध्ये घडला. घरातील लहान सर्व्हरसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘डब्ल्यूडी रेड’ मालिकेतील २ ते ६ टेराबाइटच्या काही डिस्कमध्ये लेखनाची वेगळी पद्धत वापरल्याचे उघडकीस आले. कौलांप्रमाणे एकावर एक चढवून पट्टे लिहिणारी ही ‘एसएमआर’ पद्धत तेवढ्याच तबकडीवर अधिक मजकूर बसवते. मात्र मधला पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. नुसते साठवून ठेवण्यास ती वाईट नाही. पण ‘रेड’ रचनेतील मेलेल्या डिस्कच्या जागी ती बसवून सगळा मजकूर नव्याने उभा करताना ती अतोनात मंदावते, काही वेळा यंत्रणा तिला बिघडलेली समजून बाहेर काढते. वेष्टनावर याचा उल्लेख नव्हता. ओरड झाल्यावर कंपनीने मॉडेलांची यादी प्रसिद्ध केली आणि जुन्या पद्धतीच्या डिस्कना ‘रेड प्लस’ असे वेगळे नाव दिले. खरेदीपूर्वी पूर्ण मॉडेल क्रमांक तपासण्याची सवय अनेकांना लागली ती यामुळे.

१९/
एव्हाना घरोघर एसएसडी आली होती. तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेल्या फ्लॅश स्मृतीवर ती चालते. फिरणारी तबकडी नाही, आदळणारे हेड नाही. मग ही तरी कायमची? तिच्यात अक्षर म्हणजे सूक्ष्म कप्प्यात कोंडलेला विद्युतभार, आणि तो भार हळूहळू झिरपतो. उद्योगाच्या मानकानुसार घरगुती एसएसडीने, तिची लेखनक्षमता पूर्ण वापरून झाल्यावर, वीज न देता ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर धरून ठेवावा, एवढीच अपेक्षा आहे. २०१५ मध्ये याच मानकाचा विपर्यास होऊन ‘एसएसडी आठवड्याभरात सगळे विसरते’ अशा बातम्या पसरल्या होत्या. तसे नाही; कमी वापरलेली एसएसडी याहून बरीच अधिक काळ मजकूर धरते. पण कपाटात ठेवून पाच-सात वर्षे विसरून जाण्यासाठी ती बनवलेली नाही, हे त्या आकड्यावरून उघड आहे. त्या कामाला आजही साधी हार्ड डिस्कच बरी, अधूनमधून जोडून चालवलेली.

२०/
कपाटातही तिचा शत्रू असतोच. गूगलच्या अभ्यासात तापमानाचा परिणाम लोक समजत होते तेवढा आढळला नव्हता. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या नऊ डेटा सेंटरमधील दहा लाखांहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात बिघाडाशी सर्वांत निकटचा संबंध निघाला तो हवेतील दमटपणाचा. विशेषतः डिस्कच्या विद्युतमंडळाचे त्याने नुकसान होते. कोकणात वा मुंबईत ज्यांची कपाटे जूनपासून सप्टेंबरपर्यंत बुरशीचा वास सोडत नाहीत, त्यांना याचे भाषांतर करून सांगण्याची गरज नाही. घट्ट झाकणाचा डबा आणि ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या हा त्यावरचा स्वस्त उपाय आहे.

२१/
१९८८ च्या त्या जुन्या हिशेबाकडे एकदा परत जावे. समजा, एक उत्कृष्ट डिस्क आहे; ती वर्षभरात बंद पडण्याची शक्यता १ टक्का. दुसरीकडे दोन सुमार डिस्क आहेत, प्रत्येकीची शक्यता ८ टक्के, आणि दोन्हींवर तोच मजकूर आहे. दोन्ही एकाच वर्षात जाण्याची शक्यता ०.०८ गुणिले ०.०८, म्हणजे ०.६४ टक्के. दोन वाईट डिस्क एका उत्तम डिस्कला हरवतात. पहिली मेल्याबरोबर दुसरीवरून नवी प्रत काढली तर अंतर आणखी वाढते. टिकाऊ डिस्क शोधण्यात घालवलेले आठ दिवस दुसरी डिस्क घेण्यात घालवणे केव्हाही शहाणपणाचे.

२२/
या गुणाकारात एक अट दडलेली आहे: दोघींचे मरण एकमेकींपासून स्वतंत्र असले पाहिजे. नोव्हेंबर २०१९ मध्ये एचपीई कंपनीने आपल्या काही एसएसडींबद्दल ग्राहकांना तातडीची सूचना पाठवली. आतल्या प्रणालीतील चुकीमुळे त्या चालू झाल्यापासून बरोबर ३२,७६८ तासांनी, म्हणजे ३ वर्षे, २७० दिवस आणि ८ तासांनी, बंद पडणार होत्या आणि मजकुरासह जाणार होत्या. एकाच दिवशी सुरू केलेली जोडी अशा वेळी एकाच दिवशी जाते. मग दोन प्रती असून नसून सारख्याच. म्हणून जाणकार दोन प्रतींसाठी दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या, निरनिराळ्या वेळी घेतलेल्या डिस्क वापरतात. अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ‘३-२-१’ हा नियम त्याच धाटणीचा: मजकुराच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. घरफोडी, आग आणि पूर यांना डिस्कची कंपनी ठाऊक नसते.

२३/
अखेर एक प्रसंग, ज्यात डिस्क बिघडलीच नव्हती. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना कुणाच्या तरी हातून सर्व काही पुसून टाकणारी आज्ञा चुकीच्या जागी दिली गेली. पडद्यावरची पात्रे आणि दृश्ये एकेक करून नाहीशी होताना लोक बघत राहिले. घाबरायचे कारण नव्हते, बॅकअप होता. तो उघडला तेव्हा कळले, की गेले काही आठवडे तो नीट होतच नव्हता आणि कुणी तपासून पाहिले नव्हते. अनेक माणसांचे काम गेल्यात जमा होते.

२४/
तेव्हा पर्यवेक्षक तांत्रिक दिग्दर्शक गॅलिन सुसमन यांना आठवले: बाळंतपणानंतर घरून काम करता यावे म्हणून त्यांच्या घरी एक संगणक दिला होता आणि त्यावर चित्रपटाची प्रत वेळोवेळी उतरवली जाई. सुसमन आणि त्यांचे सहकारी ओरेन जेकब तडक घरी गेले. यंत्र त्यांनी रजयांत गुंडाळले, मोटारीच्या मागच्या आसनावर ठेवले, पट्ट्याने बांधले आणि खड्डे चुकवत हळूहळू स्टुडिओत आणले. दारात माणसे वाट पाहत उभी होती. यंत्र आत नेले, वीज जोडली, डिस्क फिरू लागली. काही आठवड्यांपूर्वीची प्रत जशीच्या तशी होती.